बाळंतपणासाठी गाव सोडायचं नाही: कॅनडातल्या मूळ रहिवासी सुइणी, कायदा आणि आपण

बर्फाळ_तुळस (धागाकर्ती, ऑन्टारियो)

कॅनडाच्या उत्तरेकडच्या कित्येक गावांत गरोदर बाईला छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात विमानात बसवतात. बाळंतपण शहरात, तेही शेकडो, कधी हजारावर किलोमीटर लांब. तिथं एखाद्या वसतिगृहात नाहीतर हॉटेलात राहायचं, परकं जेवण जेवायचं आणि कळा यायची वाट बघायची. घरची पोरं आईकडे, बहिणीकडे, जिथं जमेल तिथं. नवरा बहुतेक वेळा मागेच. सोबत एक माणूस नेण्याचा खर्च केंद्र सरकार सरसकट देऊ लागलं ते २०१७ च्या एप्रिलमधल्या निर्णयानंतर. त्याआधी मुलगी अल्पवयीन असेल किंवा वैद्यकीय कारण असेल तरच.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, आई-मावश्या-आत्या तिच्याभोवती गोळा होतात. इथं ज्या वेळी माणसं हवीत नेमकं त्याच वेळी तिला माणसांतून उचलून नेतात.

हे काही परंपरेनं चालत आलेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इनुइट (अतिउत्तरेकडचे मूळ रहिवासी) आणि फर्स्ट नेशन्स (इतर मूळ रहिवासी जमाती) यांच्या बायका बहुतांशी आपल्या वस्तीत, आपल्याच सुइणींच्या हाती बाळंत होत. मग सरकारी आरोग्य केंद्रं आली. सुरुवातीला तिथल्या परिचारिका बाळंतपणं करत; पुढे तेही बंद झालं आणि १९८० च्या सुमाराला जवळजवळ सगळ्यांनाच बाहेर पाठवायचं असं होऊन बसलं. कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं. ते खोटं नव्हतं, बालमृत्यू भयंकर होते. पण त्यामागे क्षयरोग, उपासमार, नव्या वस्त्यांतली दाटीवाटीची घरं होती. ते सगळं बाजूला राहिलं आणि खापर फुटलं सुइणीच्या डोक्यावर.

शिवाय ज्ञान पुढे जायची वाटच बुजवलेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या पॉटलॅच या भेटी वाटण्याच्या सामूहिक समारंभावर १८८४ मध्ये कायद्यानं बंदी आली, ती उठली १९५१ मध्ये. मुलांना निवासी शाळांत डांबलं. त्यातली शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. वर्षानुवर्षं घराबाहेर ठेवलेल्या मुलीनं आजीच्या शेजारी बसून बाळंतपण बघायचं कधी?

पण धागा रडगाण्यासाठी काढलेला नाही. क्वेबेकच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इनुइट प्रदेश आहे. १४ गावं, १४ हजारांच्या आसपास वस्ती, बाहेरून एकही रस्ता येत नाही. सरकार आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यात झालेल्या १९७५ च्या जेम्स बे करारामुळे तिथल्या आरोग्याचा कारभार बऱ्याच अंशी प्रदेशाच्या हाती आला. हा करार नसता तर पुढचं काही घडलं नसतं असं मला वाटतं. हडसन उपसागराच्या काठी पुविर्नितुक गावात रुग्णालय उभं राहत असताना तिथल्या बायकांनी बाळंतपण गावातच हवं हे लावून धरलं, आणि १९८६ मध्ये प्रसूतिगृह सुरू झालं. दक्षिणेतून आलेल्या सुइणी शिकवायला, आणि शिकणाऱ्या गावातल्याच इनुइट बायका. त्यांनी प्रत्यक्ष बाळंतपणं करत करत शिकायचं, आपल्या भाषेत. पुढे इनुकजुआकला १९९८ मध्ये आणि सालुइटला २००४ मध्ये अशीच प्रसूतिगृहं निघाली.

आता गंमत अशी की पुविर्नितुकमध्ये सिझेरियनची सोय नाही. त्यासाठी विमानानं मॉन्ट्रियल गाठायचं. हवा चांगली असली तरी तास मोडतात, वादळ असलं तर विचारूच नका. मग चालतं कसं? प्रत्येक गरोदर बाईची माहिती ३२ ते ३४ व्या आठवड्यात एका समितीपुढे येते. सुइणी, डॉक्टर, परिचारिका एकत्र बसतात आणि कुणी गावात राहायचं, कुणाला पाठवायचं ते ठरवतात. २००० ते २००७ मधल्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा ८६ टक्के बाळंतपणं नुनाविकमध्येच झालेली दिसली.

माझ्या मते सगळी मेख त्या समितीत आहे. पोटातलं बाळ आडवं आहे हा धोका, आणि महिनाभर घरापासून तोडणं हाही धोका. दोन्ही एकाच टेबलावर मांडले जातात आणि मांडणाऱ्या बायका गावातल्या असतात.

इथल्या कायद्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहीन. आपल्याकडच्या सुइणींबद्दलही वाचायला आवडेल.

स्टेथोकाका

लेख आवडला. पण थोडा थंड पाण्याचा हबका मारतो, राग मानू नका. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी प्रसूतितज्ज्ञ म्हणून उभी हयात गेली. दोन दिवस अडलेली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलेली बघितली आहे. वार पडल्यावर रक्तस्राव सुरू झाला की हातात मिनिटं असतात, मॉन्ट्रियलचं विमान काय कामाचं?

आकडे बघा. भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात ३३. संस्थेत होणारी बाळंतपणं २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के, २०१९-२१ मध्ये ८८.६. बाकीही कारणं आहेत हे मान्य, पण बाई दवाखान्यात आली याला मोठं श्रेय आहे. ज्यांनी हे मृत्यू बघितले नाहीत त्यांना परंपरा फार गोड लागते.

भोचक_भवानी

काका, मुद्दा पटला, पण तुमच्या दवाखान्यात बाईच्या सासूला तरी आत येऊ देत होता का? माझ्या वेळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी "आता ओरडतेस कशाला, तेव्हा नाही ओरडलीस" हे ऐकवलं होतं. हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलंय याचा सर्व्हे कुणी करत नाही. तुमच्या त्या ३३ च्या आकड्यात ते येत नाही.

बर्फाळ_तुळस

स्टेथोकाका, राग कसला, हा प्रश्न यायलाच हवा होता. नुनाविकच्या सुइणी म्हणजे केवळ तेल लावणाऱ्या आज्या नव्हेत. रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं, सलाइन, बाळाला श्वास द्यायची साधनं, हे सगळं त्यांच्या हाताशी असतं आणि त्याचा सराव सतत चालतो. ज्यांना आधीच्या खेपेला त्रास झालाय, रक्तदाब वाढलाय, जुळी आहेत, अशांना वेळेत पाठवतात. शहरातली बाळंतपणं ते नाकारत नाहीत. सरसकट सगळ्यांना हाकलणं नाकारतात.

भवानी, +१. ते वाक्य मीही ऐकलंय. माझ्या बहिणीच्या वेळी.

आता कायदा. ऑन्टारियोनं १९९१ मध्ये सुइणींसाठी कायदा केला, तो १९९३ च्या अखेरीस लागू झाला. सुईणकामाला असं नियमात बसवणारा कॅनडातला हा पहिला प्रांत. नोंदणी, पदवी, परिषद, सगळं रीतसर. मूळ रहिवासी बायका म्हणाल्या, तुमची परिषद आमच्या आज्यांची परीक्षा घेणार का? त्यातून कायद्यात एक सूट आली. मूळ रहिवासी सुईण आपल्या समाजातल्या लोकांना पारंपरिक सुईणसेवा देत असेल तर व्यावसायिक नियमनाचा कायदा तिला लागू नाही, आणि "ॲबोरिजिनल मिडवाइफ" ही उपाधी तिला लावता येते. नोंदणी करायची तर तीही वाट मोकळी.

या सवलतीच्या आधारावर १९९६ मध्ये माझ्या घरापासून गाडीनं फार लांब नसलेल्या सिक्स नेशन्स या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, ओहस्वेकेन इथं प्रसूतिकेंद्र सुरू झालं. ते स्वतःच्या सुइणी स्वतः घडवतं. तिथं जन्म, पारंपरिक औषधी वनस्पती आणि रक्ताच्या तपासण्या एकाच छताखाली आहेत.

वकिलीण

धन्यवाद तुळस. या कलमाबद्दल थोडं सांगते, कारण अशी सूट ऐकायला छान वाटते आणि प्रत्यक्षात दुधारी असते. सूट म्हणजे राज्यानं "आम्ही तुमच्यात पडत नाही" असं म्हणणं. पण पगार, विमा, रुग्णालयात शिरायची परवानगी, प्रयोगशाळेकडे नमुना पाठवणं, याचे नियम दुसऱ्या कायद्यांत असतात आणि ते बहुतेक वेळा नोंदणीकृत सुइणीलाच ओळखतात. म्हणजे तुम्ही मोकळ्या आणि निधीवाचूनही मोकळ्या. सिक्स नेशन्स चाललं कारण प्रांताकडून पैसा आला.

सूटच दिली नाही तर काय होतं याचं ताजं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई राज्याचं. तिथं २०१९ मध्ये सुइणींना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, पारंपरिक सुइणींना दिलेली तात्पुरती सवलत २०२३ च्या मध्यात संपली आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या हवाईयन बायका एका रात्रीत गुन्हेगार ठरायच्या बेतात आल्या. त्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत दावा लावला आणि जुलैत न्यायालयानं पारंपरिक हवाईयन सुईणकाम करण्या-शिकण्या-शिकवण्यावर तो कायदा लावायला तात्पुरती मनाई केली.

अवांतर: मूळ रहिवाशांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा २००७ चा. त्यातल्या २४ व्या कलमात पारंपरिक औषधं आणि आरोग्यपद्धती जपायचा हक्क आहे. कॅनडानं तेव्हा विरोधात मत दिलं होतं आणि २०२१ मध्ये तो राबवण्यासाठी कायदा केला. भारतानं तेव्हाच बाजूनं मत दिलं, पण सोबत भूमिका अशी की आपल्याकडे सगळेच मूळ रहिवासी. त्यामुळे ठाणे-नंदुरबारमध्ये हे कलम दाखवून फारसं काही पदरात पडत नाही.

ऑकलंडकर

न्यूझीलंडची थोडी भर. इथं १९०७ मध्ये माओरी वैदूंवर बंदी घालणारा कायदा झाला, तो १९६२ मध्ये रद्द झाला. १९०४ पासून सुइणींची नोंदणी सुरू झाली होती, म्हणजे माओरी बायका दोन्हीकडून चेपल्या गेल्या. १९९० मध्ये कायदा बदलला आणि सुइणींना डॉक्टरच्या सहीशिवाय स्वतंत्रपणे काम करता येऊ लागलं. त्याचा फायदा सगळ्याच बायकांना झाला. माझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं सुइणीच्या हाती, रुग्णालयातच.

आमची सुईण माओरी होती. बाळ झाल्यावर तिनं विचारलं, वार घरी न्यायची का? आम्ही बघतच राहिलो. इथली माओरी कुटुंबं वार पूर्वजांच्या जमिनीत पुरतात आणि रुग्णालयं ती रीतसर डब्यात घालून देतात. आमच्या आजोळी रत्नागिरीलाही नाळ-वार परड्यात पुरत. ती आम्ही विसरलो होतो, आठवण करून दिली कुणी तर माओरी बाईनं. नाळ बांधायला त्या हाराकेके नावाच्या झाडाच्या पातीचा पिळलेला दोरा वापरतात.

आणि एक. झोपेत बाळ दगावण्याचं प्रमाण माओरींमध्ये जास्त होतं. नुसतं "बाळाला शेजारी घेऊ नका" सांगून कुणी ऐकेना. मग त्याच पातीच्या विणलेल्या टोपलीत, वहाकुरा म्हणतात तिला, बाळाला ठेवून ती आईच्या अंथरुणातच ठेवायची असा मार्ग काढला. आई जवळ, बाळ सुरक्षित. सरकारी आरोग्य खात्यानंही तो उचलला.

सातपुडा_एक्सप्रेस

मी धडगाव-अक्कलकुवा भागात एका संस्थेत काम करतो. पाड्यावरनं रस्त्यापर्यंत बाईला आजही झोळीत घालून आणावं लागतं, पेपरवाले त्याला "बांबूलन्स" म्हणतात. नर्मदेकाठच्या गावांना दवाखाना बोटीतून येतो. तर स्टेथोकाकांचं म्हणणं मला शंभर टक्के कळतं.

पण सरकारची उत्तरं बघा. जननी सुरक्षा योजना २००५ ची, दवाखान्यात बाळंत व्हा, पैसे घ्या. आशाताई आल्या. दाईचं प्रशिक्षण हळूहळू बंद पडलं आणि ती कागदावरनं गेली. पाड्यावरनं मात्र गेली नाही. रात्री दोनला कळा आल्या की पहिली हाक तिलाच. आता ती घाबरते, कारण घरी बाळंतपण झालं की आधी तिच्यावर आणि आशावर ओरडा. मग ती उशिरा सांगते, किंवा सांगतच नाही. याच्यानं कुणाचा जीव वाचला?

माहेरघर ही महाराष्ट्राची चांगली योजना आहे, २०१०-११ पासूनची. दुर्गम भागातल्या बाईनं तारखेच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक, जेवण, बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई. कागदावर झकास. पण आमच्याकडच्या बाया राहायला नाखूश असतात. भाषा वेगळी, जेवण वेगळं, घरी शेळ्या-कोंबड्या आणि लहान पोरं. तुळसताईंनी वरचं हॉटेल सांगितलं ना, ते वाचून मला आमचं माहेरघरच दिसलं, फक्त बर्फ नाही.

आणखी एक. आमच्याकडच्या बाया उकिडवं बसून, वरनं बांधलेल्या दोराला धरून बाळंत होत. केंद्रात टेबलावर उताणं झोपवतात. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की बाईला हवी ती स्थिती घेऊ द्या, बसून-उभ्यानं सुद्धा. पेरूमध्ये २००५ लाच उभ्या प्रसूतीचं सरकारी मानक निघालं. आपल्याला एक दोर टांगायला कुठला जीआर लागतो?

काळी_माती

सगळे गहिवरलेत म्हणून मुद्दाम लिहितोय. इथं सुईण म्हटलं की आजी, मायेचा हात, डिंकाचे लाडू असं चित्र उभं राहतंय. उत्तर भारतात नाळ कापायचं काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांवर टाकलेलं होतं, कारण ते विटाळाचं. बाळंतपण केलं की पसाभर धान्य, एखादं जुनं लुगडं, आणि मग उंबऱ्याबाहेर. आमच्या घरात आजी सुईणकाम करायची. गावातली अर्धी पोरं तिच्या हातची, पण त्या पोरांच्या बारशाला ती अंगणातच बसायची. माझ्या आईनं हे काम शिकायला साफ नकार दिला आणि मला तिचा अभिमान आहे.

इनुइट लोकांमध्ये सुईण मानाची. तिथं परंपरा परत आणणं म्हणजे मान परत आणणं. आपल्याकडे नेमकं काय परत आणायचंय ते आधी ठरवा. सटवाईची पूजा, दोर, भाषा, सोबत माणूस, जरूर आणा. पण दाईला दाई म्हणून ठेवायचं असेल तर शासनाचा पगार आणि ओळखपत्र घेऊनच.

वकिलीण

काळी_माती, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवतेय. पगार आणि ओळखपत्राबद्दल सध्याची स्थिती अशी: २०१८ मध्ये केंद्रानं सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती नर्सिंग झालेल्यांना १८ महिने शिकवून तयार करायच्या सुइणींसाठी. २०२३ चा परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदाही नोंदणी आणि अर्हतेच्या चौकटीतला. पाड्यावरच्या दाईला यात दार नाही. ऑन्टारियोसारखं एक कलमही नाही.

बर्फाळ_तुळस

काळी_माती, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कॅनडाचा साचा जसाच्या तसा इथून तिथं न्यावा असं मला अजिबात वाटत नाही.

सामूहिक जखमांबद्दल मी पहिल्या पोस्टमध्ये फार कमी लिहिलं. इथल्या बायकांचा रुग्णालयावर विश्वास का नाही ते कळल्याशिवाय हे प्रकरण नुसतं संस्कृतीचं वाटतं. सस्कॅचवनमध्ये बाळंतपणाच्या वेळीच नसबंदीसाठी दबाव आणल्याच्या तक्रारी मूळ रहिवासी बायकांनी केल्या, २०१७ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला आणि आरोग्य विभागानं माफी मागितली. दुसरं म्हणजे "बर्थ अलर्ट". बाई बाळंत व्हायच्या आधीच बालकल्याण खातं रुग्णालयाला कळवून ठेवायचं की हिच्यावर लक्ष ठेवा, आणि कित्येकदा बाळ झाल्या झाल्या काढून न्यायचं. बाईला याचा पत्ताही नाही. बेपत्ता आणि खून झालेल्या मूळ रहिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय चौकशीनं २०१९ च्या अहवालात हे थांबवा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियानं थांबवलं, २०२० मध्ये मॅनिटोबा आणि ऑन्टारियोनं. मूळ रहिवासी मुलांबद्दलचा केंद्राचा कायदा २०२० च्या १ जानेवारीला लागू झाला. केवळ गरिबीमुळे मूल काढून घ्यायचं नाही, गरोदरपणातच आधार द्यायचा, असं त्यात लिहिलंय. क्वेबेक प्रांतानं त्याला आव्हान दिलं, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला.

अशा बाईच्या खोलीत तिच्या समाजाची सुईण उभी असणं म्हणजे घरचा साक्षीदार असणं. सुइणी स्वतः याला बरं होण्याचा भाग म्हणतात. बाळ गावात जन्मलं की आजोबा-आजी, भावंडं, शेजारी सगळे येऊन जातात. ज्या गावात विमान उतरलं की पोटात गोळा यायचा तिथं काहीतरी चांगलंही घडताना दिसतं.

आणि हे सगळं किती ठिसूळ आहे तेही सांगते. नुनावुत या दुसऱ्या इनुइट प्रदेशातल्या रँकिन इनलेट गावाला १९९३ मध्ये प्रसूतिकेंद्र निघालं, पण माणसं टिकली नाहीत आणि सेवा थांबली. बायका पुन्हा विनिपेगच्या विमानात. सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठात उत्तरेसाठी सुइणी घडवणारा अभ्यासक्रम होता. २०२१ मध्ये विद्यापीठाचं दिवाळं निघालं आणि तो बंद झाला. कायद्यातलं कलम जागच्या जागी, शिकवायला कुणी नाही.

स्टेथोकाका

नुनाविकची ती समिती मला आवडली, हे आधी सांगायचं राहिलं. सातपुडा_एक्सप्रेस, एक प्रस्ताव. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा अशी बैठक व्हायला काय हरकत आहे? वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशा आणि दाई. पुढच्या दोन महिन्यांत तारीख असलेल्या बायकांची यादी समोर. कुणाला आधीच हलवायचं, कुणाच्या घरी पोरं सांभाळायला कोण. यासाठी नवा कायदा लागत नाही. पण दाईला बैठकीला यायचा भत्ता हवा, आणि तिला खुर्ची हवी, जमिनीवर सतरंजी नको.

भोचक_भवानी

काका, आज तुम्हाला माझ्याकडून डिंकाचा लाडू.

सातपुडा_एक्सप्रेस

काका, बैठक होऊ शकते. आमच्या एका केंद्रातले तरुण डॉक्टर तयार होतील, विचारतो. अडचण भत्त्याची. आशाला कामाप्रमाणे मोबदल्याचं कोष्टक आहे, दाईसाठी त्यात रकाना नाही. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बसवता येईल का ते बघावं लागेल, लेखापरीक्षणाला आक्षेप येतात. वकिलीणताई, असा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा ते जरा सांगा. आणि दोर मात्र मी या आठवड्यातच आणून देतो, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. छताला हूक भक्कम आहे का एवढं बघायचंय.